जीन्सची सेकंड इनिंग

खरं सांगा, तुमच्या कपाटात सध्या किती जीन्स आहेत? आणि त्यातल्या किती अंगात शिरतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सात असेल, तर दुसऱ्याचं हमखास तीन येतं. उरलेल्या चार सगळ्यात खालच्या कप्प्यात, नीट घडी घालून, मुकाट पडलेल्या असतात. एक कॉलेजच्या फायनल इयरची. ती 'वजन कमी झालं की घालणार' या खात्यात गेली आठ वर्षं जमा आहे. एक मांडीला विरलेली. एक लो-वेस्ट, जी घालून आज ऑफिसात खाली पडलेलं पेन उचलायचं म्हणजे हिंमत लागते. आणि एक अशी, जिचं काही म्हणता काही बिघडलेलं नाही, फक्त आपल्याला तिचा कंटाळा आलाय.

बाकीच्या कपड्यांचं बरं असतं. टी-शर्ट जुना झाला की बाइक पुसायला जातो. कॉटनचा कुर्ता आईच्या हातात पडला की महिन्याभरात त्याचा ओटा पुसायचा फडका झालेला असतो. जीन्सचा ना धड फडका होतो, ना ती टाकवते. पहिल्या पगाराची असते, नाहीतर गोव्याच्या ट्रिपची असते. शिवाय कापड अजून इतकं दणकट असतं की कचऱ्यात टाकताना पाप केल्यासारखं वाटतं. तर मंडळी, या वीकेंडला तो खालचा कप्पा उपसूया. पण कात्री लगेच हातात घेऊ नका हं! आधी थोडं कापडाबद्दल.

डेनिम इतकं टिकतं कसं, याचं उत्तर त्याच्या विणीत आहे. उभा धागा म्हणजे ताणा निळा, आडवा म्हणजे बाणा पांढरा. ताण्याचा धागा तीन बाण्यांवरून जातो आणि एकाच्या खालून. प्रत्येक ओळीत ही उडी एकेक घर सरकते, म्हणून जीन्सवर त्या तिरप्या रेघा दिसतात आणि म्हणूनच जीन्स उलटी केली की आतून पांढुरकी निघते. हे कळलं की पहिला फंडा आपोआप सुचतो: तुमच्याकडे एक कापड नाही, दोन आहेत! निळी बाजू आणि उलटी फिकट बाजू शेजारीशेजारी लावली तर दुसरं कापड न आणता झक्कास डिझाइन होतं.

दुसरी गंमत रंगाची. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही, वरवर बसतो. घासलं की वरचा थर निघतो आणि आतला पांढरा धागा डोकावतो. त्यामुळे प्रत्येकाची जीन्स वेगळी फिकट होते. मागच्या खिशावर वॉलेटचा चौकोन, मांडीवर बसण्याच्या वळ्या, गुडघ्यावर पांढरे गोल. जाता जाता एक गैरसमज खोडून टाकते. नवी जीन्स मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली की रंग 'पक्का' होतो, असं प्रत्येक घरात कोणीतरी सांगतंच. नाही होत. निळीचं आणि कापसाचं नातं तसं नसतं. दोन-तीनदा वेगळी, उलटी करून धुवा, जादाचा रंग निघून जाऊ दे. तोवर पांढऱ्या सोफ्यापासून लांब बसा. आणि गडद डेनिमपासून काही बनवणार असाल तर हे आधीच करा, नाहीतर तुमची नवी हटके पिशवी तुमच्याच पांढऱ्या कुर्तीला निळी करेल.

आणखी एक, आपल्या मुंबईची गोष्ट. 'डंगरी' म्हणून जी पट्ट्यांची, छातीवर खिसा असलेली पँट आपण ओळखतो, तो शब्द इंग्रजीत गेला तो डोंगरीहून. तीच आपली सँडहर्स्ट रोडच्या शेजारची डोंगरी. तिथलं जाडंभरडं सुती कापड 'डुंगरी' म्हणून व्यापारात ओळखलं जायचं आणि सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत त्याचा उल्लेख सापडतो. खलाशांचे आणि मजुरांचे कपडे त्याचे शिवत. तेव्हा जीन्सला कोणी अमेरिकेची देणगी वगैरे म्हणालं, की हे ऐकवायला विसरू नका. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भाव खाऊन जाल.

आता कामाला लागूया. चारही जीन्स पलंगावर पसरा आणि प्रत्येकीची एक साधी परीक्षा घ्या. दोन्ही हातांनी कापड आडवं ताणा. ताणलं गेलं नाही, तर ते शंभर टक्के सुती आहे. सोनं! ताणलं जाऊन परत जागेवर आलं, तर त्यात थोडं इलॅस्टेन आहे. आणि ताणलं जाऊन तसंच लोंबत राहिलं, तर तो इलॅस्टिकचा जीव गेलेला आहे. अशा जीन्सची पिशवी शिवू नका. सामान भरलं की ती गुडघ्यापर्यंत लोंबते. अलीकडच्या बहुतेक स्किनी आणि जेगिंग्ज या तिसऱ्या गटात जातात आणि त्यांचं खरंच फार काही होत नाही. लेबलवर 'इलॅस्टेन' किंवा 'पॉलिएस्टर' लिहिलं असेल तर गरम भांडी उचलायची चिमटीही त्याची करू नका, उष्णतेनं ते वितळतं. शंभर टक्के सुती डेनिमची चिमटी मात्र मस्त होते. दोन थर, मध्ये जुन्या टॉवेलचा एक, संपलं काम.

आणि सगळ्यात आधी हे बघा की ती जीन्स अजून जीन्स म्हणूनच चालेल का. रियूजच्या नादात आपण चांगली पँट कापून त्याचा पेनस्टँड करतो, हा शुद्ध वेडेपणा आहे. नव्वद टक्के वेळा ती फाटलेली असते एकाच जागी, दोन मांड्यांच्या मध्ये. चालताना घासून घासून तिथला निळा धागा आधी जातो आणि पांढऱ्या धाग्यांची जाळी उरते. भोक पडायची वाट बघू नका. जाळी दिसली की तिला आतून दुसऱ्या डेनिमचा तुकडा लावून वरून मशीनची मागे-पुढे, मागे-पुढे टीप मारून घ्या, रंगाला जुळणाऱ्या दोऱ्यानं. तुमच्या गल्लीतला अल्टरेशनवाला हे पंधरा मिनिटांत करतो आणि जीन्स आरामात आणखी वर्ष-दीड वर्ष चालते. गुडघा फाटला असेल तर मात्र लपवू नका, मिरवा! पांढऱ्या जाड दोऱ्यानं साधा धावदोरा घाला, ओळीखाली ओळ. जपानमध्ये याला 'साशिको' म्हणतात आणि त्यावर हल्ली महागडे वर्कशॉप भरतात. आपल्याकडे त्याला गोधडीचा टाका म्हणतात आणि तो शिकवणारी आजी फुकट असते.

बरं, जी खरोखरच रिटायर झाली आहे, तिच्याकडे वळूया. पहिला मान पिशवीचा. ही जमली की बाकी सगळं जमतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जीन्स सपाट पसरा. दोन पाय जिथे एकत्र येतात, त्या शिवणीच्या बोटभर वर, या मांडीपासून त्या मांडीपर्यंत सरळ रेघ मारा आणि कापा. बोटभर वर का, तर त्या जोडावर चार शिवणी एकत्र येतात आणि तिथलं कापड गोलाईत कापलेलं असतं. ते कितीही दाबलं तरी सपाट बसत नाही, पिशवीच्या बुडाला फुगा येतो. नेटके फोटो टाकणारे हे कधीच सांगत नाहीत. वरचा भाग उलटा करा, बुडाला दोनदा टीप मारा. मग बुडाचे दोन कोपरे त्रिकोणी चिमटून दोन-दोन इंचांवर आडवी टीप घाला, म्हणजे पिशवीला तळ येतो आणि ती उभी राहते. पुढची चेन आतून शिवून बंद करून टाका. बंदांसाठी पायाच्या लांब पट्ट्या कापा, चार इंच रुंद. दोन्ही कडा आत, मग पुन्हा दुमड, म्हणजे एक इंचाचा चार पदरी बंद होतो. हवं तर याहून सोपं काम करा. पायाच्या बाजूची जी जाड दुहेरी शिवण असते ना, ती दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच कापड ठेवून अख्खी कापून घ्या. अशा तीन शिवणी घेऊन वेणी घाला. दोरखंडासारखा बंद तयार! अस्तराला जुनी बेडशीट चालते. कमरेचा पट्टा आणि बेल्टचे लूप तसेच राहू द्या, लूपमधून ओढणी ओवली की पिशवीचं तोंडही बंद होतं.

फक्त एक. लो-वेस्ट जीन्सची पिशवी करायला जाऊ नका. कमरेपासून जोडापर्यंत तिला खोलीच नसते, त्यामुळे पिशवी उथळ होते आणि मोबाइल रिक्षात पडतो. हाय-वेस्ट असेल, किंवा बाबांची जुनी सैल पँट असेल, तर बेस्ट.

घरच्या मशीनवर शिवणार असाल तर सुई सोळा किंवा अठरा नंबरची लावा, नेहमीची बारीक सुई तिसऱ्या टाक्याला मोडेल. जिथे जाड शिवण आडवी येते तिथे आधी हातोडीनं ठोकून ती सपाट करा (खाली पाटा-वरवंट्यातला पाटा ठेवला तरी चालेल, आईला विचारून) आणि मोटर बंद करून चाक हातानं फिरवा. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. सुया, चेन, बकल, अस्तर असलं सगळं पुण्यात रविवार पेठेत आणि तुळशीबागेत मिळतं. मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केटजवळ मंगलदास मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या गाठाव्यात.

पिशवी कापल्यावर दोन पाय उरतात. त्यांचं काय? तर पाय म्हणजे तयार नळा आहे हो! लॅपटॉपची अरुंद बाजू साधारण नऊ इंच असते. सैल पुरुषी जीन्सचा पाय मांडीजवळ दहा-अकरा इंच भरतो. म्हणजे एक टोक शिवलं की लॅपटॉपचं कव्हर तयार, लॅपटॉप उभा आत सरकतो. आतून जुन्या फ्लीसच्या जॅकेटचं अस्तर लावा आणि जवळपास कुठेही रिव्हेट किंवा धातूचं बटण राहू देऊ नका, स्क्रीनवर ओरखडे पडतील. पोटरीकडच्या अरुंद भागात पाण्याची बाटली बसते. त्याहून अरुंद भागात वाळू भरून दोन्ही तोंडं शिवली की दारं आपटू नयेत म्हणून खाली ठेवायचा साप होतो. वाळू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, प्लीज.

खिसे वेगळे काढा, पण उसवून नाही. मागच्या तुकड्यासकट कापा. असे सहा-सात खिसे एका जाड कापडावर शिवले आणि वर काठी ओवली की भिंतीवर लटकवायचं ऑर्गनायझर होतं. चार्जर, चाव्या, लाइटची बिलं, सगळं जागच्या जागी. पुढचा तो इवलासा खिसा, ज्यात आपण कधीच काही ठेवत नाही, तो मुळात खिशातल्या घड्याळासाठी होता. त्यात हेडफोन बरोबर बसतो.

जीन्सच्या कुंड्या, जीन्सचे फोटोफ्रेम, जीन्सच्या चपला यांच्याबद्दल मी मुद्दामच लिहीत नाहीये. चपला मी एकदा एका प्रदर्शनात विकत घेतल्या. दिसायला भन्नाट होत्या. पहिल्या पावसात त्यांचा पापड झाला.

आता थोडं बाजूला जाऊन एका मैत्रिणीबद्दल लिहिते. तिला विचारूनच लिहितेय. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. बँकेत नोकरी. आठवडाभर फॉर्मल शर्ट-पँट आणि रविवारी जीन्स, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पाच जीन्स होत्या, सगळ्या सुती, सगळ्या एकाच पद्धतीनं विरलेल्या. रविवारी ते उकिडवे बसून स्कूटर पुसायचे, त्यामुळे दोन्ही गुडघे पांढरे. मागच्या उजव्या खिशावर वॉलेटचा चौकोन, इतका ठळक की पट्टी घेऊन आखल्यासारखा.

त्यांचे शर्ट वाटले गेले. जीन्स कोणाला द्यायच्या, यावर मात्र घरात कोणी बोलेना. नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, बोहारणीला द्या, स्टीलचं चांगलं पातेलं येईल. मैत्रिणीच्या आईनं नुसती मान हलवली आणि कपाट बंद केलं. शेवटी साताऱ्याहून आजी आल्या, म्हणजे वडिलांच्या आई. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी एक जीन्स हातात घेऊन चाचपली आणि म्हणाल्या, "ह्याची गोधडी कराया पायजे. पन ह्यातनं सुई जायाची न्हाई. कापड हाय का पत्रा हे?"

गणित मांडलं तेव्हा लक्षात आलं, की सरळ पायाच्या एका जीन्समधून सात इंची चौकोन सोळा-अठराच निघतात. शिवणीत अर्धा-अर्धा इंच गेला की सहा इंचांचे उरतात. एका माणसाच्या गोधडीला, पाच फूट बाय सात फूट, असे एकशे चाळीस लागतात. म्हणजे आठेक जीन्स. तेवढ्या नव्हत्या. त्यात एक जीन्स धाकट्या भावानं मागून घेतली, त्याला ती कमरेत बरोबर बसली आणि तो ती घालतो. उरल्या चार. मग आजींनीच तोड काढली. एक चौकोन जीन्सचा, एक आईच्या जुन्या सुती साडीचा, बुद्धिबळाच्या पटासारखे. त्यामुळे गोधडी निम्म्यानं हलकीही झाली. नुसत्या डेनिमची केली असती तर दोन किलोच्या वर गेली असती आणि भिजल्यावर पिळायला दोन माणसं लागली असती. आत भरायला काही घातलं नाही, फक्त खाली आजींचं जुनं लुगडं.

कापायची वेळ आली तेव्हा पहिली कात्री आईनं लावली. ती म्हणे कोणाशी न बोलता सरळ गुडघ्याच्या वर कापत गेली, जशी रोज भाजी चिरते तशी. चौकोन मशीनवर जोडले, पण वरचा धावदोरा हातानंच घालायचा हा आजींचा हट्ट. जिथे सुई अडायची तिथे ती पकडीनं ओढून काढायची. मैत्रीण शनिवार-रविवार बसायची, आई दुपारी. चार महिने लागले. वॉलेटच्या चौकोनाचे खिसे त्यांनी उसवले नाहीत, अख्खे ठेवले. त्यातल्या एकात आजी त्यांचा चष्मा ठेवतात.

मी ती गोधडी पाहिली. डिझाइनच्या भाषेत बोलायचं तर कडा सरळ नाहीत, टाके लहान-मोठे आहेत. कोणाचे टाके कोणते, ते तिघींना अजून ओळखता येतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, देऊन टाकाव्यात की कोणाला तरी. द्या ना! पण कोणाला, ते बघून. २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तमिळनाडूत रस्त्याकडेला पडून राहिले होते. कारण ते कपडे तिथल्या माणसांच्या उपयोगाचेच नव्हते. कोळीणबाईंनी तुमची लो-वेस्ट घालून काय करायचं? शिवाय जीन्स जड, वाळायला वेळ लागतो, पुराच्या छावणीत तर ती वाळतच नाही. द्यायचीच तर चेन चालू असलेली, धुतलेली, आणि घेणाऱ्याला मापात बसणारी द्या. 'गूंज'सारख्या संस्था जुन्या कापडाची नीट वर्गवारी करून त्याचा उपयोग करतात, त्यांच्याकडे देता येईल. आणि बोहारीण तुमच्या भागात अजून येत असेल तर तिला कमी लेखू नका. वस्तूच्या बदल्यात वस्तू देऊन जुन्या कपड्यांचा संसार फिरता ठेवण्याचं काम या बायका, आपण 'रिसायकलिंग' हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून करत आल्यात. तिकडे अमेरिकेत २००६ पासून कापूस उत्पादकांच्या संघटनेनं जुन्या जीन्स गोळा करून, त्यांचा कापूस पिंजून, घरांच्या भिंतींत थंडी अडवायला भरायचा उपक्रम चालवला. आपल्याकडे भिंतीत भरायला कोणी मागणार नाही, पण कल्पना सॉलिड आहे.

आणि या सगळ्याचा पाण्याशी काय संबंध, ते एकदा आकड्यात बघा. लिव्हाइजनं २०१५ मध्ये आपल्या एका ५०१ जीन्सचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला होता. एकूण पाणी ३,७८१ लिटर. त्यातलं ६८ टक्के कापसाच्या शेतात आणि २३ टक्के आपण घरी धुतो त्यात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना कापूस आणि पाणी या दोन शब्दांबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. म्हणजे कपाटातल्या त्या चार जीन्समध्ये पंधरा हजार लिटर पाणी घडी घालून ठेवलंय! टँकरची सोसायटी असेल तर किती टँकर होतात, ते सेक्रेटरींना विचारा. शिवाय दर दोन दिवसांनी जीन्स मशीनमध्ये टाकायची सवयही यात मोडते. वास येत नसेल, डाग नसेल, तर नुसती उन्हात उलटी टांगा.

फिकट करण्याच्या प्रयोगांबद्दल बरेच जण विचारतात. ब्लीचचे शिंतोडे उडवून, दोऱ्या बांधून मस्त नक्षी येते हे खरं. पण ब्लीच कापूस कुजवतं, इलॅस्टेन तर पिवळं पाडून मारूनच टाकतं. पाणी घालून पातळ करा, खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि बाथरूममध्ये टॉयलेट क्लीनरच्या जवळपासही ते नेऊ नका. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो, तो जिवावर बेततो. रंग पुरेसा उडाला की ताबडतोब भरपूर पाण्यात खळबळा. आणि दुकानातली ती खास 'विरलेली' नवी जीन्स घेताना एवढं लक्षात असू द्या: तशी फिकट करण्यासाठी वाळूचा मारा करायची पद्धत होती. त्या धुळीनं कामगारांना सिलिकोसिस व्हायला लागला, म्हणून २००९ मध्ये तुर्कस्तानानं तिच्यावर बंदी घातली. तुमची जुनी जीन्स स्वतःहून, कोणाच्या फुप्फुसाला हात न लावता फिकट झाली आहे. तिचा भाव जास्त हवा.

शेवटी टेलरकाकांबद्दल. मशीन सगळ्यांकडे नसतं, वेळ तर कोणाकडेच नसतो. त्यामुळे यातलं अर्धं काम तुम्ही गल्लीतल्या अल्टरेशनवाल्याकडेच नेणार आहात. तिथे एक दृश्य मी वारंवार बघते. खांद्यावर मॉलमधली 'अपसायकल्ड' म्हणून दोन हजारांना घेतलेली डेनिम बॅग, आणि समोर काकांशी घासाघीस: "शंभर? नुसता पॅच तर लावायचाय! साठ करा ना." अरे, तो पॅच लावताना चार पदरी शिवणीवर त्यांची सुई मोडते, ती कोण भरून देणार? जीन्सच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकायची मूळ आयडियासुद्धा लेव्ही स्ट्रॉसची नव्हती बरं का. ती जेकब डेव्हिस नावाच्या, अमेरिकेतल्या रेनो गावच्या एका टेलरची. पेटंटची फी भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं आपल्या कापड-व्यापाऱ्याला, म्हणजे स्ट्रॉसला पत्र लिहिलं आणि २० मे १८७३ ला दोघांच्या नावे पेटंट निघालं. नाव मात्र आपल्या सगळ्यांना एकाचंच माहीत आहे.

तर काकांकडे जाताना एवढं करा. जीन्स धुऊन न्या, घामट नेऊ नका. काय हवंय ते मोबाइलवरच्या फोटोपेक्षा कापडावर खडूनं आखून दाखवा. जुन्या जीन्सचे तुकडे सोबत न्या, पॅचला त्याच वयाचं कापड लागतं, नवं कापड जुन्यावर शिवलं की धुतल्यावर आटतं आणि कड ओढली जाते. जमलं तर अठरा नंबरच्या सुयांचं एक पाकीट त्यांना देऊन ठेवा, पुढच्या वेळी काम आधी होईल. आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस अजिबात जाऊ नका. तेव्हा ब्लाउजांचा ढीग असतो आणि काका कोणाचे नसतात.